वरचा थर वर

सारंग मॅडमनी मला नोकरीवर घेतलं ते वास घ्यायला लावून.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी मुलाखतीला गेले होते. आमच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडलेली मी पहिली. हे मी सांगते तेव्हा काहींना ती बढाई वाटते. वाटू दे, आहेच ती. वडील होडीवर, आई खाडीच्या चिखलातून मुळे काढणारी. मुळे म्हणजे शिंपले, तिसऱ्यांचे भाऊबंद. आणि त्यांची मुलगी गुणपत्रिकांना प्लास्टिकची कव्हरं घालून, मांडवीच्या रस्त्यानं प्रयोगशाळेकडे चाललेली. मॅडमनी त्या फाईलला हातसुद्धा लावला नाही. टेबलाखालची एक बादली त्यांनी पायानं पुढे सरकवली. आत काळा चिखल होता.

"वास घे. कसला येतो सांग."

"हायड्रोजन सल्फाइडचा, मॅडम. कुजलेल्या अंड्यासारखा."

"घरी कधी अंडं कुजवलंयस?"

"नाही."

"मग ते पुस्तकातलं अंडं झालं. तुझ्या घरचं काय ते सांग."

मी पुन्हा वाकले. या वेळी खरंच वास घेतला. "आमच्याकडे सोडणं कुजत घालतात, त्या पाण्याचा."

सोडण म्हणजे नारळाची साल. ती महिनोन् महिने पाण्यात कुजवायची, मग ठोकून तिचा काथ्या काढायचा. आमच्या गावच्या बायकांचा तो जोडधंदा.

"कुठल्या गावची गो तू?" मॅडमनी विचारलं. मी नाव सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे माझ्याच. सोमवारपासून ये. आणि ती फाईल घरी ठेव, इथं चिखल उडतो."

अशी मी त्यांच्या हाताखाली लागले. ठेंगणा बांधा, पांढरे झालेले केस, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली आणि पायात पुरुषी गमबूट. चष्म्याला दोरी होती आणि ती काथ्याची होती. त्यांचे वडील जहाजावर होते. किनाऱ्याजवळ आलं की शिशाचा गोळा दोरीनं सोडून ते पाण्याची खोली बघायचे. मॅडम म्हणायच्या, "बाबा शिसं सोडून तळ कुठाय ते बघायचे. मी सुई सोडून तळाच्या आत काय चाललंय ते बघते. घराणं एकच."

ती सुई म्हणजे त्यांचा जीव. काचेची, टोकाशी केसाहून बारीक. एका उभ्या दांड्याला ती अडकवायची आणि बारीक आट्यांचा स्क्रू फिरवत चिखलात उतरवायची. इतकी सावकाश, की उतरतेय हे डोळ्यांना दिसत नाही, फक्त पडद्यावरचा आकडा हलतो. वर पाण्यात प्राणवायू भरपूर असतो. सुई चिखलात शिरली की आकडा उतरायला लागतो आणि लवकरच शून्यावर येतो. तो किती खोल गेल्यावर शून्य होतो, आणि त्या कुजक्या वासाचा वायू कुठून सुरू होतो, एवढंच आम्ही मोजायचो. दुसऱ्या सुया होत्या त्या वायूसाठी आणि चिखलाच्या आंबटपणासाठी.

माझ्या आईला हे काम काही केल्या पटेना. "चिखलात सुई खुपसायचा पगार देतात?" तिनं विचारलं होतं.

मी तो प्रश्न मॅडमना सांगितला, तर त्या उठल्या, आईसाठी म्हणून काचेच्या नळीतला चिखल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे दाखव तिला. वर पिवळसर तपकिरी थर दिसतो ना, ती चिखलाची साय. तिथपर्यंत हवा पोचते. खाली काळं आहे तिथं हवा नाही. साय जाड, तर मुळे खूश. साय गेली, तर मुळे गेले. डोळ्यांना साय दिसते, पण ती जायला लागलीय हे डोळ्यांआधी सुईला कळतं. पगार त्याचा." आईनं ती नळी चुलीमागच्या फळीवर बरेच दिवस ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "माजी लेक हे मोजते."

सुई चिखलात असली की खोलीत पंखा बंद, फोन बंद, बोलणं बंद. चपला बाहेर. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला तरी मॅडम स्क्रूवरचा हात उचलायच्या आणि टँकर वळणापलीकडे जाईपर्यंत डोळे मिटून बसायच्या. मासेवालीची हाक आली की हातानंच 'थांब' अशी खूण करायच्या, जणू ती दिसतच होती. मी एकदा चुळबुळ केली तेव्हा म्हणाल्या, "चिखलाला घाई केलेली आवडत नाही. आपण आलोय हे त्याला कळता कामा नये."

सुया तुटायच्या. तुटणारच. तुटलेली प्रत्येक सुई मॅडम लोणच्याच्या एका चिनी मातीच्या बरणीत टाकायच्या. मुंबईहून एक मोठे साहेब पाहणीला आले होते. सुई बघून म्हणाले, "अरे, ही एवढीशी?" आणि ही एवढीशी म्हणताना त्यांचं बोट तिला लागलं. खोलीत सगळ्यांचे चेहरे उतरले. मॅडमनी शांतपणे सुई काढली, बरणीचं झाकण उघडलं आणि ती साहेबांपुढे धरली.

"टाका साहेब, तुमच्या हातानं. मान तुमचा."

साहेबांनी टाकली. मग मॅडमनी त्यांना कोकम सरबत दिलं आणि ते दोन ग्लास प्यायले.

माझ्या हातून पहिली तुटली तेव्हा मला रडू आवरेना. मॅडमनी बरणी पुढे केली. आत साहेबांची होती, आमच्या शिपायाची होती आणि निम्म्याहून जास्त त्यांच्या स्वतःच्या होत्या. "आता तू कामाला लागलीस," एवढंच म्हणाल्या आणि नवी सुई लावायला मलाच बसवलं.

त्यांचं एक बोलणं मी आजही माझ्या हाताखालच्या पोरांना ऐकवते. आकडा अपेक्षेसारखा आला नाही की आम्ही म्हणायचो, सुई बिघडली. मॅडम म्हणायच्या, "सुई खोटं बोलतेय असं वाटलं, की आधी स्वतःला विचारायचं. मला काय ऐकायचं होतं?"

हा प्रश्न एक दिवस त्यांच्यावरच येऊन बसला. पण त्यासाठी आधी यमुनाकाकी सांगायला हवी.

यमुनाकाकी आमच्याच वाडीतली, मॅडमच्या वयाची. दोघी गावच्या शाळेत एका बाकावर. मॅडम पुढे शिकत गेल्या, यमुनाकाकी चौथीनंतर खाडीत उतरली ती उतरलीच. मुळे काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि काथ्याच्या गटाची पुढारीही तीच. सारं गाव मॅडमना मॅडम म्हणायचं. ही एकटी, भर रस्त्यात, "काय गो हमीदा, हाडा दिसायला लागली, जेवतस काय नाय?" असं विचारायची. आणि मॅडम प्रयोगशाळेतलं सगळं मराठी बाजूला ठेवून तिच्याशी तिच्याच बोलीत भांडायच्या.

दोघींमध्ये एक स्टीलचा डबा होता. झाकणावर 'सौ. यमुना' असं कोरलेलं. त्या डब्यातून मॅडमना मुळ्यांचं सुकं यायचं, खोबरं घातलेलं, वर एक कोकम. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. तसा तो कधी सांदणं घेऊन परत जायचा, कधी खापरोळ्या, ईदला शीरखुर्मा. काहीच केलेलं नसलं तर मॅडम निदान चिमूटभर साखर घालून द्यायच्या. यमुनाकाकी झाकण उघडून म्हणायची, "आज बाई संशोधनात व्हती वाटतं."

पूर्वी गावात सोडणं घराजवळच्या डबक्यांत कुजत घालायचे. वास, डास, पोरांच्या अंगावर पुरळ. मॅडम तेव्हा नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. त्यांनीच बायकांना सांगितलं की सोडणं खाडीच्या वळणावर न्या. तिथं भरतीचं पाणी येतं, सुकतीला जातं, सगळी घाण धुऊन नेईल. बायकांनी ऐकलं. वळणावर खुंट ठोकले, सोडणांच्या गठ्ठ्यांवर जांभ्याचे चिरे ठेवले. गावातला वास गेला. गावानं मॅडमना नारळ आणि ब्लाऊजपीस दिला. सलवार-कमीज घालणाऱ्या त्या बाईनं ते कापड कपाटात जपून ठेवलं होतं, कधीतरी मला काढून दाखवलं होतं.

नंतर वर्षं गेली आणि वळणावरचे मुळे कमी व्हायला लागले. आधी लहान मिळेनात, मग मोठेही. माझी आई दुपारभर चिखल उपसून अर्धी टोपली घेऊन यायची. खाडीच्या वरच्या अंगाला मासळीचा एक कारखाना होता, सगळ्यांनी बोट त्याच्याकडे दाखवलं. मीही दाखवलं. मोर्चा न्यायचं ठरलं. यमुनाकाकी प्रयोगशाळेत आली आणि मॅडमच्या टेबलावर डबा ठेवून म्हणाली, "हमीदा, तुजी ती सुई घेऊन ये. एकदा लिहून दे, कारखान्यानं आमचे मुळे मारले. मग बगतो आमी."

"सुई सांगेल ते लिहीन," मॅडम म्हणाल्या.

"आमची बाजू सांगंल ना गो?"

"ती कुणाची बाजू घेत नाही, यमुना."

"नाय घेनार तर नाय. तू घेशील."

आम्ही कारखान्याच्या खालच्या अंगापासून सुरुवात केली. मॅडमना कारखाना सापडायला हवाच होता. तसं त्या बोलल्या नाहीत, पण प्रत्येक ठिकाणी सुई उतरवताना त्या पुढे झुकायच्या, हे मी बघत होते. कारखान्याच्या खाली साय पातळ होती, पण होती. पुढे उतरत गेलो तशी ती जाड होत गेली. मॅडमचा चेहरा मात्र उतरत गेला. मग वळण आलं. तिथं सुई चिखलाला लागली न लागली तोच आकडा शून्यावर. साय नाहीच. कुजका वायू अगदी वरच्या थरापासून.

"सुई बिघडली," मॅडम म्हणाल्या.

आम्ही सुई बदलली. पुन्हा शून्य. पंपानं हवा खेळवलेल्या पाण्यात घालून तपासली, तिथं ती बरोबर चालत होती. मॅडमनी जागा बदलली, दोन पावलं डावीकडे, मग उजवीकडे. सोडणांच्या खुंटांपासून लांब जाऊ तसा आकडा सुधारायचा, जवळ आलो की मरायचा. शेवटी घाईनं स्क्रू फिरवताना त्यांच्या हातून सुई तुटली. एवढ्या वर्षांत त्यांना घाई करताना मी पहिल्यांदा बघितलं.

मॅडम चिखलात तशाच उभ्या राहिल्या. भरतीचं पाणी गमबुटांपर्यंत आलं होतं. वळणावर ते पुढे जात नव्हतं, गोल फिरून तिथंच रेंगाळत होतं. नारळाच्या सालीचा भुसा त्यात तरंगत होता.

"मी पाणी बघितलं होतं, दीपाली," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी नुसतं पाणी बघितलं होतं."

बैठक शाळेच्या पडवीत झाली. बायका मोर्च्याच्या तयारीनंच आल्या होत्या. मला वाटलं होतं मॅडम तक्ता लावतील, आलेख दाखवतील, हळूहळू मुद्द्यावर येतील. त्यांनी तसं काही केलं नाही. उभ्या राहिल्या आणि सरळ बोलल्या.

"मुळे कारखान्यानं मारलेले नाहीत. सोडणांनी मारले. सोडणं वळणावर न्या असं मीच सांगितलं होतं. चूक माझी आहे, तुमची नाही. सोडणं तिथून काढली नाहीत तर वळणावर परत मुळे होणार नाहीत."

मागून एक बाई म्हणाली, "मग काथ्या कुठं करायचा? डोक्यावर?" कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. मॅडमनी सांगितलं, वर किनाऱ्यावर पक्क्या टाक्या बांधता येतील, आराखडा मी देते. म्हणजे पाणी वाहून आणणं आलं, टाक्या उपसणं आलं. खाडी जे फुकट करत होती ते सगळं कंबरेनं करायचं.

यमुनाकाकी उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "तवा पन तुमीच सांगितलात. आता पन तुमीच सांगताय. आमी बायकांनी किती येळा उचलायचा नि किती येळा ठेवायचा, मॅडम?"

मॅडम. साऱ्या गावाच्या तोंडी असलेला तो शब्द तिच्या तोंडून आला, तेव्हा सारंग मॅडमनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. त्यांचा हात मला खूप जड लागला.

डबा प्रयोगशाळेतच राहिला होता. मॅडमनी तो घासून, पुसून, सुयांच्या बरणीशेजारी ठेवला. मी म्हटलं, मी घरी जाताना देते की.

"रिकामा?"

"सांदणं घाला."

"काय तोंडानं घालू गो सांदणं?" त्या म्हणाल्या. "राहू दे."

सोडणं निघाली. रागानं निघाली, पण निघाली. टाक्या झाल्या. यमुनाकाकीनंच पहिला चिरा लावला असं आई म्हणाली. त्या वर्षी काथ्या कमी झाला आणि मॅडमचं नाव वाडीत कुणी घेत नव्हतं. मॅडम मात्र दर मोठ्या सुकतीला वळणावर यायच्या. आधी त्या गावातून, हाका घेत-देत यायच्या. आता बांधावरून, कांदळाच्या झाडांआडून यायच्या आणि तशाच जायच्या. मी सुई लावायची, त्या स्क्रू फिरवायच्या. बराच काळ काहीच नव्हतं. शून्य. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मग एका सुकतीला आकडा चिखलात शिरल्यावर लगेच मेला नाही, जरासा रेंगाळला. मी ओरडणार होते. मॅडमनी बोट ओठांवर ठेवलं.

"सुई बिघडली असेल," त्या म्हणाल्या. आणि दुसरी लावायला सांगितली. दुसरीनंही तेच सांगितलं. तरी त्यांनी कुणाला काही कळवलं नाही. पुढच्या सुकतीला बघू म्हणाल्या, मग त्याच्या पुढच्या. ऐकायला आवडेल अशा आकड्यावर त्या जास्त संशय घ्यायच्या.

एवढ्यात त्या निवृत्त झाल्या. मुलगी मस्कतला, तिच्याकडे जायचं ठरलं, ते वाडीतही कळलं. तिथून आता मला फोनवर किनाऱ्याच्या चिखलाचे फोटो पाठवतात, खाली लिहितात, साय बघ. पण मी त्यांना प्रत्यक्ष शेवटचं बघितलं ते जाण्याच्या आदल्या दिवशी. सकाळी त्या प्रयोगशाळेत आल्या, फळीवरचा डबा काढला आणि म्हणाल्या, "चल."

वळणावर त्यांनी गमबूटही घातले नाहीत. अनवाणी उतरल्या, खाली बसल्या, आणि केकचा तुकडा उचलावा तसा वरचा चिखल अलगद कापून डब्यात ठेवला. झाकण लावलं. परत जाताना बांधाकडे वळल्या नाहीत. गावातून, भर वाडीतून चालत निघाल्या, पाय घोट्यापर्यंत माखलेले.

यमुनाकाकी टाकीशी सोडणं ठोकत बसली होती. आम्हाला बघून तिनं मोगरी खाली ठेवली, पण उठली नाही. मॅडमनी डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं झाकणावरचं स्वतःचं नाव बघितलं, मग झाकण उघडलं.

"खायाच्या डब्यात चिखल घातलात?"

"वास घे."

यमुनाकाकीनं आमच्याकडे एकदा बघितलं. मग डबा नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"कसला बी येत नाय."

"कुठला आहे वळख."

तिनं बोट फिरवलं. वर तपकिरी साय होती, चांगली बोटाच्या पेराला पुरेल एवढी. तिचं बोट थांबलं.

"वळनाचा?"

मॅडमनी मान डोलावली.

"मुळे?"

"अजून नाहीत. आता होतील. उद्या नाही. पण जागा झालीय."

यमुनाकाकीनं हात पदराला पुसले, डबा उचलला आणि चालायला लागली. आम्ही तिच्या मागून. मला वाटलं परसात नेऊन ओतेल. ती सरळ खाडीवर गेली, चिखलात उतरली आणि आमच्या पावलांच्या ठशांवरून बरोबर त्या खाचेपाशी पोचली. चिखल जिथून उचलला होता तो चौकोन अजून तसाच होता. भरती लागायला थोडाच अवकाश होता. तिनं डबा तिरपा केला.

"पालथा नको घालूस," मॅडम काठावरून म्हणाल्या आणि राहवेना म्हणून स्वतःही उतरल्या. "हळू. सरकव. वरचा थर वर राहू दे."

"गो हमीदा, चिखलाला काय तोंड असता?"

"असतं गो."

दोघी वाकल्या. एकीनं डबा धरला, दुसरीनं खालून तळवा लावला, आणि तो चिखल त्याच्या जागी, त्याचं तोंड आकाशाकडे ठेवून, त्यांनी सरकवत सरकवत बसवला. कडा बोटांनी दाबल्या. मग यमुनाकाकीनं येणाऱ्या पाण्यात डबा विसळला, झटकला आणि काखेत मारला.

"आता ह्यो माज्याकडं रिकामा हाय," ती म्हणाली. "मुळे झाले की भरून द्यायला लागंल. तवर येशील ना परत?"

पाणी त्या चौकोनावरून सरकत आलं. मॅडम अजून वाकूनच होत्या आणि सुई चिखलात असल्यासारखा एक हात वर करून यमुनाकाकीला गप्प राहायला सांगत होत्या.